जुन्या गाडीचे ब्रेक पाइप घरी बदलताना : वाचकांचे प्रश्न

कळवा : २००५ची मारुती ८०० आहे. मागच्या डाव्या चाकाकडे जाणारा पाइप ओलसर दिसतो. मेकॅनिक म्हणतो, तेवढाच तुकडा कापून जॉइंट टाकू. चालेल का?

जोरात ब्रेक दाबला की या पाइपात शंभर बारच्या आसपास दाब येतो. टायरमधल्या हवेच्या हे जवळपास पन्नासपट झाले. रबरी नळी आणि क्लिप किंवा पितळी रिंग आवळून केलेला कॉम्प्रेशन जॉइंट इथे कधीच चालत नाही. दोन्ही टोकांना नीट फ्लेअर (पाइपाच्या टोकाला दिलेला पसरट आकार) काढून ब्रेकच्याच युनियनने, म्हणजे जोडनटाने, जोडलेला तुकडा चालतो, पण उरलेला पाइप निरोगी असेल तरच.

तो निरोगी क्वचितच असतो. पाइप क्लिपमध्ये बसतो तिथे, पेट्रोल टाकीच्या वर आणि मागच्या ॲक्सलजवळ पावसाळ्यातला चिखल साचून ओला राहतो. खाडीलगत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला त्यात खारी हवा. क्लिपा उघडा आणि पाइप तारेच्या ब्रशने हलकेच घासा. वरवरचा तांबूस थर जाऊन गुळगुळीत धातू दिसला तर तो पाइप राहू द्या. खड्डे दिसले किंवा पापुद्रे निघाले, तर एका नटपासून दुसऱ्या नटपर्यंत पूर्ण पाइप बदला. दुसऱ्या मागच्या चाकाचा पाइपही तेवढाच जुना आहे, तोही तपासा.

ओल दिसत असताना गाडी बाहेर काढू नका. ब्रेकच्या पाइपांची दोन वेगळी सर्किट असतात, एक फुटले तरी दुसरे चालते हे खरे, पण घोडबंदर रोडवरचा गायमुखचा उतार अर्ध्या ब्रेकवर उतरायची वेळ कुणावर येऊ नये.

कोपरखैरणे : एसीचा तांब्याचा पाइप सहज मिळतो, वळतोही छान. तो वापरला तर?

नाही. शुद्ध तांबे गाडीच्या थरथराटाने कडक होत जाते आणि फ्लेअरजवळ चिरते. शिवाय एसीचा पाव इंची पाइप ६.३५ मिमीचा, बहुतेक छोट्या गाड्यांचा ब्रेक पाइप ४.७५ मिमीचा असतो. लेप दिलेला दुपदरी स्टीलचा पाइप घ्या, किंवा साधारण नव्वद टक्के तांबे आणि दहा टक्के निकेल असलेला मिश्रधातूचा. दुसरा महाग पडतो, पण गंजत नाही, हाताने वळतो आणि नवशिक्याचा फ्लेअरही त्यावर चांगला येतो. आमची पसंती त्यालाच.

लांबी मोजायला जुन्या पाइपावरून सुतळी फिरवा आणि त्यात १५ ते २० सेंमी जादा धरा. एखादा फ्लेअर बिघडला तर कापायला जागा राहते. जुना पाइप शक्यतो अख्खा काढा. नवा वळवायला तोच नमुना. फ्लेअरिंग टूल, पाइप कटर वगैरे मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळतात.

घोडबंदर रोड : नवा पाइप बसवला, पण नटजवळ थेंब येतोच. आणखी आवळू का?

आवळू नका. नट साधारण १५ न्यूटन-मीटरला बसतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. तेवढ्यावर गळत असेल तर दोष फ्लेअरमध्ये आहे. जास्त आवळले की फ्लेअर चिरडतो किंवा समोरची बैठक खराब होते, आणि मग पाइप ज्यात बसतो तो चाकातला व्हील सिलिंडरही बदलावा लागतो.

आधी फ्लेअरचा प्रकार जुळवा. जुन्या पाइपाचे तोंड नरसाळ्यासारखे आत वळलेले असेल तर तो डबल फ्लेअर. त्याच्या पोर्टच्या, म्हणजे नट बसतो त्या भोकाच्या, तळाशी वर आलेला शंकू दिसतो. टोक फुगीर आणि पोर्टचा तळ खोलगट असेल तर तो बबल फ्लेअर. एकाच्या जागी दुसरा बसत नाही. नटचे आटेही बघा, बऱ्याच गाड्यांत ते १० मिमी व्यासाचे आणि १ मिमी अंतराचे असतात. हाताने चार-पाच आटे सहज फिरले नाहीत तर नट चुकीचा आहे किंवा तिरका चढतोय.

डबल फ्लेअर असा काढा. हॅक्सॉ नको, कटर वापरा आणि तो थोडा थोडा आवळत फिरवा. आतली-बाहेरची धार काढा, कीस झटकून टाका. नट आधी पाइपावर चढवा, फ्लेअर झाल्यावर तो जात नाही. पाइप टूलच्या पट्टीबाहेर टूलबरोबर येणाऱ्या छोट्या ॲडॉप्टरच्या पायरीएवढाच ठेवा आणि घट्ट आवळा. पाइप आत सरकला तर फ्लेअर अपुरा येतो. टोकाला ब्रेक ऑइलचा थेंब लावा. ॲडॉप्टर घालून स्क्रू पट्टीला टेकेपर्यंत दाबा, मग ॲडॉप्टर काढून नुसत्या शंकूने दाबा. कडा सगळीकडे सारखी रुंद हवी, बारीकशी चीरही नको. एका बाजूला झुकलेला फ्लेअर कापून टाका. गाडीला हात लावण्याआधी टाकाऊ तुकड्यावर सलग पाच-सहा निर्दोष फ्लेअर यायला हवेत. येत नसतील तर फ्लेअर चांगल्या गॅरेजमधून काढून आणा, बाकी काम घरी करा.

नेरुळ : जुना नट फिरतच नाही, चापट पाना घसरून कोपरे गोल झाले.

आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवायला हवा होता. अशा नटला फटीचा रिंग पाना लागतो, बहुधा १० नंबरचा. तो नटला जवळजवळ सगळीकडून धरतो. आता पाइप नटला लागून कापा आणि सहा कोनी सॉकेट ठोकून बसवा. पाइप तसाही फेकायचाच आहे. नटबरोबर पाइप पिळला जात असेल तरी हाच उपाय.

ऐरोली : पाइप बदलून एक लिटर ऑइल संपवले, तरी पेडल मऊच आहे.

पेडल मऊ म्हणजे बहुधा पाइपात हवा राहिली आहे. ती काढायला पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. उजव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या गाडीत हा सिलिंडरही बहुधा उजवीकडे असतो. म्हणून साधारण क्रम मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे असा. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तो मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. चाकामागच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचे, मगच पेडल सोडायचे. ब्रेक ऑइलच्या टाकीची पातळी निम्म्याखाली जाऊ देऊ नका, टाकी रिकामी झाली तर नवी हवा आत शिरते आणि सगळे पहिल्यापासून.

जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागात गंज असतो. रबरी सील तिथे गेले की फाटते, आणि दोन दिवसांनी दबलेले पेडल हळूहळू बुडू लागते. मागच्या ॲक्सलवर लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (वजनानुसार मागचा दाब ठरवणारी झडप) असेल तर चाके लोंबकळत ठेवू नका. गाडी रिकामी आहे असे समजून तो मागचा दाब कमी करतो. स्टँड ॲक्सलखाली लावा.

दोन-तीनदा दाबल्यावर पेडल वर येऊन कडक होत असेल, तर मागचे ब्रेक शू आणि ड्रम यांतले अंतर आधी तपासा. पुष्कळदा हवा नसतेच, शू सैल असतो. एबीएसच्या गाडीत युनिट कोरडे पडले असेल तर स्कॅनरशिवाय हवा निघत नाही. ते गॅरेजचे काम.

वाशी : डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलच्या जागी डॉट ४ घालू का? उरलेल्या ऑइलचे काय करू?

घाला. कोरड्या, म्हणजे ओल न शोषलेल्या, डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे, ते यात मिसळत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, त्यामुळे मागच्या वर्षी उघडलेला डबा वापरू नका. रंगावर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. सोसायटीच्या गटारात ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या पिंपाकडे द्या.

चाके लावण्याआधी इंजिन चालू ठेवून पेडल एक मिनिट जोरात दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक नटवर कोरडा टिश्यू फिरवा. नवा पाइप कुठे घासत नाही, सायलेन्सरपासून दूर आहे, सगळ्या क्लिपांत बसला आहे, हे बघा. मग आवारात चालण्याच्या वेगाने चार-पाच वेळा थांबवून बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टिश्यू परत फिरवा.