स्पीकर बरा आहे, घरघर शूबर्टची आहे

प्रश्न : संगीतकार शूबर्टचा बी-फ्लॅट मेजर पियानो सोनाटा (सूचीत डी. 960) लावला की अर्ध्या मिनिटाच्या आसपास खर्जात घरघर ऐकू येते. स्पीकर तपकीर गल्लीत दाखवला. कारागिरानं पैसे न घेता परत दिला, म्हणाला, "काही झालेलं नाही, काका." मग ही घरघर रेकॉर्डिंगमधली की मुळातली? शिवाय माझ्या एका सीडीत पहिला भाग मध्येच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, दुसरीत होत नाही. सौ. विचारते, सीडी अडकली का?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : कारागीर प्रामाणिक निघाला! ती घरघर शूबर्टनंच लिहिली आहे, आठव्या मात्राखंडात (म्हणजे बारमध्ये), अगदी हळू. डाव्या हाताच्या खालच्या टोकाला दोन लगतचे सूर भराभर आलटून-पालटून वाजतात. त्याला ट्रिल म्हणतात. मी कर्वे रस्त्याला राहते. रात्री उशिरा एखादा जड ट्रक गेला की मांडणीतली फुलपात्रं क्षणभर किणकिणतात आणि थांबतात. ट्रिल मला तशी वाटते. वादक मग थांबतो आणि सुरावट जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू होते.

तुम्ही सवाईला जाणारे असाल असं धरून सांगते. बी-फ्लॅटला षड्ज माना, म्हणजे ही ट्रिल कोमल धैवतावर येते. सुरावट सगळी शुद्ध स्वरांत चाललेली, तिच्यात हा परका पाहुणा. थोड्याच वेळानं तीच सुरावट त्या कोमल धैवतालाच षड्ज करून वाजते. पाहुणा यजमानाच्या खुर्चीत बसतो म्हणा ना. (मूर्च्छना नव्हे ही, इथे सबंध सप्तकच सरकतं.) पुढची दुसरी मुख्य सुरावटही त्याच सुरावरून निघते, पण मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधार घेऊन. एवढ्या गोष्टी एका घरघरीतून निघाल्या आहेत, तेव्हा ती ऐकू येते याबद्दल स्पीकरला दुवा द्या.

आता सौ.ंचा प्रश्न. पहिल्या भागाचा साधारण एक-तृतीयांश हिस्सा संपल्यावर शूबर्टनं पुनरावृत्तीची खूण केली आहे. काही वादक ती पाळतात, काही सोडतात. आल्फ्रेड ब्रेंडेल सोडत आणि त्याचं समर्थनही करत. स्वियातोस्लाव रिख्टर पाळत, तेही इतक्या संथ लयीत की हा एकच भाग चोवीस-पंचवीस मिनिटं चाले.

मीही वर्षानुवर्षं सोडत आले. खरं कारण आळस. विद्यार्थ्यांना मात्र 'रचना लांबते' असं सांगायची. नंतर एका पावसाळ्यात दमटपणानं माझ्या पियानोच्या वरच्या पट्ट्या अडकायला लागल्या, खालच्या तेवढ्या चालत होत्या. म्हणून नुसता डावा हात घासत बसले, आणि खूण पाळली तरच वाजणारे नऊ मात्राखंड पहिल्यांदा नीट वाजवले. त्यात तीच ट्रिल येते, पण या वेळी दणदणीत मोठ्यानं. सबंध भागात ती इतक्या जोरानं एवढी एकदाच वाजते. पुनरावृत्ती गाळली की हे नऊ खंडही जातात. ब्रेंडेल यांच्यापुढे मी कोण, पण इथे मला त्यांचं पटत नाही. आता मी ते सोडत नाही.

हस्तलिखितावर 26 सप्टेंबर 1828 ही तारीख आहे. 19 नोव्हेंबरला शूबर्ट व्हिएन्नात वारला, वय 31. सोनाटा छापला गेला थेट 1839 मध्ये.

तुमची पहिली सीडी अडकलेली नाही. सौ.ंना सोबत बसवा, आणि मोठी घरघर आली की आवाज कमी करू देऊ नका. त्यानंतर सुरुवातीची सुरावट परत येईल, तेव्हा ती त्यांना आधीसारखीच वाटते का ते मला कळवा.