लागावुलिन, लाफ्रॉइग, आर्डबेग: एकाच बैठकीत तुलना कशी करावी?

या तीन धुरकट व्हिस्की चाखताना क्रम महत्त्वाचा. आधी लागावुलिन १६, मग लाफ्रॉइग १०, शेवटी आर्डबेग १० (आकडे मुरवल्याच्या वर्षांचे). तिन्ही स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या. धूर येतो तो जव वाळवताना जाळलेल्या पीटचा, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा. लागावुलिनचा धूर मुरलेला, गोडसर. लाफ्रॉइगला आयोडीनचा, दवाखान्यासारखा वास, आणि मला तोच सर्वांत आवडतो. आर्डबेग ४६ टक्के अल्कोहोलची, लिंबासारखी तरतरीत. पीपीएमच्या, म्हणजे धुराचं प्रमाण सांगणाऱ्या आकड्यावर जाऊ नका. तो सहसा माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे.

नागपुरात मे महिन्यात बसणार असाल तर कूलरसमोर नको, ओल्या वाळ्याचा वास धुरात मिसळतो. सावजी रस्सा नंतर! आधी कोरी चाखा, मग चमचाभर साधं पाणी घालून. बर्फाने वास दबतो.