लाल शाई कुठे थांबवायची

प्रिय,

तुझं पत्र परवाच मिळालं. उत्क्रांतीचा धडा चालू असताना एक मुलगी उठून म्हणाली, ‘आमच्या धर्मग्रंथात असं नाही’, आणि तुला काही सुचेना. तू गप्प राहिलीस ते बरंच झालं. मी गप्प राहिलो नव्हतो.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी फळ्यावर पृथ्वीचं वय लिहिलं, सुमारे साडेचार अब्ज वर्षं. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘घरी सांगतात, इतकी जुनी नाही.’ वर्ग हसला. मीही हसलो. वहीचा कोपरा नखाने दुमडत तो खाली बसला आणि वर्षभर त्याने पुन्हा हात वर केला नाही. आकडा माझाच बरोबर होता, म्हणून तर माझी चूक मला फार उशिरा कळली.

फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने सरकारी प्राथमिक शाळांतलं धर्मशिक्षण बंद झालं. पुढच्या वर्षी शिक्षणमंत्री ज्यूल फेरी यांनी शिक्षकांना एक पत्र लिहिलं. त्यातली कसोटी साधारण अशी: एखादा बाप वर्गात बसून ऐकत असता, तर तुमच्या बोलण्याला त्याने प्रामाणिकपणे हरकत घेतली असती का? घेतली असती, तर ते बोलू नका. मला ही कसोटी आवडते, पण फेरी नीतिशिक्षणाबद्दल बोलत होते. ती विज्ञानाला लावलीस, तर धडाच बंद पडेल. अमेरिकेत टेनेसी राज्याने माणसाची उत्क्रांती शिकवायला कायद्यानेच बंदी घालून तेच केलं. १९२५ मध्ये उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला. वरच्या न्यायालयाने तो पुढे तांत्रिक मुद्द्यावर रद्द केला, कायदा मात्र १९६७ पर्यंत तसाच राहिला. तेव्हा धड्यातलं एक वाक्यही गाळू नकोस. पालक भेटायला आले तर चहा दे, ऐकून घे, आणि धडा चालू ठेव.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. सरकारी शाळेच्या वर्गात तू उभी असतेस तेव्हा तुझ्या तोंडून शासन बोलत असतं, म्हणून तुझी श्रद्धा (किंवा अश्रद्धा, तीही तितकीच चिकट असते) तू आवरायचीस. मुलीवर असं काही बंधन नाही. केरळमध्ये यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं: ती आदराने उभी राहत होती, गाण्याची सक्ती करता येत नाही. मुलांनी काय शिकावं हे आपल्याला ठरवता येतं. त्यांनी मनात काय मानावं, तिथे आपलं काम संपतं.

त्या मुलीला एवढंच सांग, ‘शास्त्रज्ञ असं का म्हणतात, कोणत्या पुराव्यावर म्हणतात, ते तुला समजलं पाहिजे. परीक्षेत तेच विचारीन.’ ‘खरं काय ते घरच्यांना विचार’ असं म्हणून सुटका मात्र करून घेऊ नकोस. तो पळपुटेपणा मुलांना लगेच कळतो.

सहामाहीत तिने जीवाश्मांचा पुरावा नीट मांडला, तर पूर्ण गुण दे. आणि खाली बारीक अक्षरात ‘पण मला हे पटत नाही’ असं लिहिलेलं सापडलं, तर त्या ओळीवर लाल शाई फिरवू नकोस.

तुझा,
सर