येशू झाला की नाही, आणि ठाण्यात १३२१ साली काय घडलं

घणसोलीच्या मित्राने विचारलंय ते थोडक्यात असं. एका व्हिडिओत त्याने ऐकलं की येशू नावाचा माणूस झालाच नाही आणि बायबल ३२५ साली नायसिया या शहरात भरलेल्या बिशपांच्या परिषदेत बनवलं. वाशीतला त्याचा ख्रिस्ती मित्र म्हणतो, शुभवर्तमानं (येशूच्या आयुष्यावरची मत्तय, मार्क, लूक आणि योहान या नावांची चार पुस्तकं) प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी लिहिली, म्हणून पुनरुत्थान, म्हणजे येशू मेल्यावर पुन्हा उठला, हा इतिहासच आहे. यातलं खरं काय?

मी श्रद्धाळू नाही, तरी आधी व्हिडिओबद्दलच बोलतो, कारण तो सरळ चुकीचा आहे. नायसियात भांडण झालं ते एरियस या धर्मगुरूच्या मतावरून: पुत्र (येशू) पित्याच्याच, म्हणजे देवाच्याच तत्त्वाचा, की पित्याने निर्माण केलेला? ग्रंथांची यादी तिथे ठरली नाही. आजच्या नव्या करारातली (बायबलच्या येशूनंतर लिहिलेल्या भागातली) नेमकी २७ पुस्तकं आपल्याला पहिल्यांदा ३६७ सालच्या अथनेशियस या बिशपच्या पत्रात एकत्र सापडतात, आणि त्यातली बहुतेक त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होती. येशू झालाच नाही म्हणणाऱ्यांनी पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाचं नव्या करारातलं गलतीकरांस पत्र वाचावं. यरुशलेमला आपण प्रभूचा भाऊ याकोब याला भेटलो, असं पौल तिथे लिहितो. हाच याकोब कसा मारला गेला ते ज्यू इतिहासकार जोसेफसने सुमारे ९३ साली नोंदवलंय. (जोसेफसमधला येशूवरचा दुसरा, गौरवाचा उतारा मात्र ख्रिस्ती नकलकारांनी वाढवलेला आहे. तो कोणी जसाच्या तसा पुढे केला तर मान्य करू नका.) ज्याच्या भावाला लोक भेटत होते, तो माणूस कल्पित होता हे मला पटत नाही. पिलात या रोमन सुभेदाराच्या अमलात त्याला वधस्तंभावर मारलं, एवढं पक्कं धरायला हरकत नाही.

आता वाशीच्या मित्राचं म्हणणं. चारही शुभवर्तमानांच्या मजकुरात लेखक स्वतःचं नाव सांगत नाही; नावं परंपरेने पुढे जोडली. मार्क सर्वांत जुनं, साधारण ७० सालचं, म्हणजे घटनेनंतर चाळीसेक वर्षांनी लिहिलेलं. मत्तय आणि लूक यांनी मार्कमधला मजकूर मोठ्या प्रमाणावर उचललाय. स्वतः पाहिलेला माणूस असं कशाला करेल? शिवाय सिनाईटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीला संपतं: बाया कबरीपासून पळतात आणि भीतीने कोणाला काही सांगत नाहीत. पुढच्या बारा ओव्या, ज्यात येशू दर्शन देतो, त्या मागाहून जोडलेल्या आहेत. जन्माचंही तसंच. मत्तय सांगतो हेरोद राजाच्या हयातीत, आणि हेरोद इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला. लूक सांगतो क्विरिनियस या रोमन सुभेदाराच्या जनगणनेच्या वेळी, ती इसवी सन ६ ची. ही नऊ-दहा वर्षं जुळवण्याचे बरेच प्रयत्न झालेत. मला एकही समाधानकारक वाटत नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं की चाळीस वर्षांत दंतकथा तयार होत नाहीत. इथे आपल्या ठाण्याकडे बघा. एप्रिल १३२१ मध्ये टोलेंटिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती ठाण्यात मारले गेले; हे चौघे फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले कॅथलिक संन्यासी होते. इथल्या एका नेस्टोरियन (पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या) ख्रिस्ती कुटुंबात ते उतरले होते. काजीपुढे धर्मावरून वाद झाला आणि त्यातून त्यांचा जीव गेला. जॉर्डनस नावाचा साथीदार त्या वेळी बाहेरगावी होता म्हणून वाचला, आणि त्याची पत्रं उपलब्ध आहेत. घटना खरी आहे, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. काही वर्षांतच ओडोरिक हा प्रवासी इथे आला आणि त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला. त्याने १३३० मध्ये आपला वृत्तांत सांगून लिहवून घेतला. त्यात मारेकऱ्यांनी पेटवलेल्या आगीत थॉमसच्या सोबत्यांपैकी जेम्स याचं काहीच जळत नाही. पुढे वारा पडून जहाज अडकतं, तेव्हा ओडोरिक एक अस्थी समुद्रात टाकवतो आणि वारा सुटतो. हा तर त्याचा स्वतःचा, डोळ्यांदेखतचा अनुभव!

म्हणजे दहा वर्षं पुरली. साक्षीदार प्रामाणिक होता, मृत्यू खरे होते, आणि तरीही अस्थीमुळे वारा सुटला हे आपण मानत नाही. वाशीचा मित्रही बहुधा मानणार नाही. मग हीच कसोटी पहिल्या शतकातल्या यरुशलेमला का लावू नये? माझं मत असं की शिष्यांना काहीतरी जबरदस्त अनुभव आला आणि त्यांनी तो मनापासून सांगितला. पौल तर पहिल्या करिंथकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात दर्शन झालेल्यांची यादीच देतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित, शेवटी स्वतः. त्या यादीत रिकामी कबर नाही आणि कबरीपाशी गेलेल्या बायाही नाहीत. मेलेला माणूस उठला हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही.

मित्राशी भांडू नका, त्याच्यासोबत वाचा. आधी गलतीकरांस आणि पहिलं करिंथकरांस, मग मार्क, त्यानंतर मत्तय आणि लूक, शेवटी योहान. छापील बायबलात हा क्रम नाही, पण लिहिलं गेलं ते साधारण या क्रमाने. कबरीच्या प्रसंगाची चारही वर्णनं शेजारी ठेवा आणि प्रत्येकात तिथे कोण गेलं, तिथे कोण दिसलं, एवढंच आधी लिहून काढा.