जर्नलने इतर मजकुराशी २३ टक्के साम्य दाखवून माझा शोधनिबंध परत पाठवला. तो १० टक्क्यांखाली कसा आणू?

एकूण टक्का जरा बाजूला ठेवा आणि साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालातली स्रोतांची यादी उघडा. वीस-बावीस ठिकाणांहून एकेक टक्का जमला असेल तर फारसं बिघडलेलं नाही. त्यातले १४ टक्के दुसऱ्या कुणाच्या एकाच लेखातून आले असतील, तर ती उचलेगिरीच. संपादकही आधी तेच बघतो.

मग संदर्भसूची आणि अवतरणचिन्हांतला मजकूर वगळून अहवाल पुन्हा काढा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत हे वगळायची मुभा आहे, शिवाय सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही. १०चा आकडा तिथलाच. तिथवर दंड नाही, १० ते ४०मध्ये लेख मागे घ्यायचा, ४०च्या पुढे वेतनवाढही जाते. परदेशी जर्नलला मात्र हा आकडा बांधील नाही. साम्य ९ टक्केच, पण सगळं निष्कर्षांत, तर लेख तिथेही अडकतो.

साम्य स्वतःच्या प्रबंधाशी असेल (शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढवला की हे होतंच), तर संपादकाला पत्रात तसं स्पष्ट कळवा. स्वतःच्या छापून आलेल्या लेखाशी असेल तर त्याचा संदर्भ द्या आणि तेच निकाल नव्याने मांडू नका.

पुन्हा लिहिताना मूळ लेख बंद करा, फक्त टिपणं समोर ठेवा. नुसता संदर्भ देऊन दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं घेता येत नाही, अवतरणचिन्हं हवीतच. शब्द बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी अजिबात लागू नका. त्यातूनच ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झालं. असल्या शब्दांवरून आता लेख हुडकले जातात आणि छापून आल्यावरही रद्द होतात.

मराठी निबंध असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर सॉफ्टवेअरला निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो, म्हणून शून्य टक्के येतं. त्या शून्याला अर्थ नाही.

आणि ग्रंथालयातून तपासून घेताना मसुदा सॉफ्टवेअरच्या रिपॉझिटरीत (संग्रहात) साठवू नका, असं ग्रंथपालांना आधीच सांगा. नाहीतर पुढच्या तपासणीत तुमचाच मसुदा तुमच्याशी जवळजवळ १०० टक्के जुळतो.