अमेरिकी मोटार कंपन्या जपानी कंपन्यांपुढे मागे का पडतात?

मजुरी आणि निवृत्तिवेतनाचा बोजा हे कारण नेहमी पुढे केले जाते आणि ते खोटेही नाही. पण कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचा कारखाना वेगळेच सांगतो. बेशिस्तीसाठी कुप्रसिद्ध असलेला हा कारखाना जनरल मोटर्सने १९८२ मध्ये बंद केला आणि १९८४ मध्ये तो टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा सुरू झाला, तेव्हा कामगार बहुतांशी जुनेच होते, संघटनाही तीच होती. तरीही दोष दिसताच दोरी ओढून काम थांबवण्याचा अधिकार साध्या कामगाराला मिळाल्यावर तेथील मोटारी थोड्याच काळात जपानी कारखान्यांच्या तोडीच्या झाल्या. खोट व्यवस्थापनात होती, असेच माझे मत आहे. शिवाय नफा मोठ्या पिकअप ट्रकांत मिळत असल्याने लहान मोटारींकडे या कंपन्यांनी कधी मनापासून लक्ष दिले नाही.