'याचिका' फक्त कोर्टातच होते का?

एका वाचकाने विचारलंय: "बातमीत 'संसदेकडे याचिका' लिहिलं की वरिष्ठ ते खोडून 'निवेदन' करतात. याचिका कोर्टातली, असं त्यांचं म्हणणं. बरोबर काय?"

'संसदेकडे याचिका' हेच बरोबर. याच् म्हणजे मागणे. कोणाकडे मागायचं, हे धातू सांगत नाही. जनहित याचिका, फेरविचार याचिका रोज वाचून शब्द कोर्टाला चिकटला, एवढंच. लोकसभेत आणि राज्यसभेत याचिका समिती आहे. आपल्या विधिमंडळात त्याच कामाच्या समितीला 'विनंती अर्ज समिती' म्हणतात.

'निवेदन' मात्र इथे खपवू नये. मोर्चाचं शिष्टमंडळ जिल्हाधिकाऱ्यांना देतं ते निवेदन. याचिकेला ठरलेला नमुना असतो: ती सभागृहाला उद्देशून लिहायची, शेवटी नेमकी मागणी मांडायची, खाली नाव, पत्ता, सही. खासदार ती सादर करणार असेल तर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. कोर्टात चालू असलेला विषय तिथे चालत नाही. मराठीत लिहिलेली याचिकाही चालते, सोबत हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद जोडला की झालं. (हे फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.) या नियमांत न बसणारी निवेदनंही लोकसभेची समिती विचारात घेऊ शकते, म्हणजे संसदेच्या व्यवहारात दोन्ही शब्द वेगवेगळे नांदतात. एकाच्या जागी दुसरा घातला की बातमीच चुकते.

फरक केवळ शब्दांचा असता तर मी इतकं ताणलं नसतं. कायद्याने दिलेला हक्क डावलला गेला तर आपण कोर्टात जातो. जो हक्क अजून पदरात पडलेलाच नाही, तो मागायला सभागृहाचं दार आहे. माजी सैनिकांच्या 'समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन' या मागणीचं पाहा. राज्यसभेच्या याचिका समितीने त्यांची याचिका तपासली आणि डिसेंबर २०११ च्या अहवालात मागणी मान्य करण्याची शिफारस केली. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले. आंदोलनं चालूच होती. २०१५ मध्ये सरकारने योजना जाहीर केली. तिच्या तपशिलावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०२२ मध्ये न्यायालयाने म्हटलं की समितीचा अहवाल म्हणजे सरकारचं धोरण नव्हे. खरंच आहे, शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. पण विखुरलेली तक्रार संसदेच्या दप्तरात शिफारस म्हणून नोंदली गेली की पुढची प्रत्येक चर्चा तिचं नाव घेऊनच होते. माझ्या मते हे बळ मोठं आहे.

मागणीची ही वाट मराठी माणसाला नवी नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाकडे अर्ज करून तिथे हिंदुस्थानला प्रतिनिधित्व मागितलं होतं.

तेव्हा 'याचिका' ठेवा आणि क्रियापद सांभाळा. कोर्टात याचिका 'दाखल' करतात, सभागृहाला 'सादर' करतात. मथळ्यात जागा कमी असली तरी 'लोकसभेकडे' किंवा 'राज्यसभेकडे' हा शब्द गाळू नका.